अक्कांचं ‘मत्त?’

अक्का दार उघडायच्या तेव्हा समोर उभ्या असलेल्या माणसाकडे आधी बघायच्याच नाहीत. त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून मागे जायची. ओसरी, फाटक, फाटकाबाहेरची गल्ली, जमलं तर गल्लीच्या कोपऱ्यावरचं वळणसुद्धा. सगळं निरखून झालं की मग त्या पाहुण्याच्या तोंडाकडे वळायच्या आणि एकच शब्द विचारायच्या, "मत्त?"

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हातात पिशवी होती, पोटात भूक होती आणि डोक्यात एम.डी.ची ताजी पदवी होती. मी मूळचा चिपळूणचा. सोलापूरशी माझा संबंध तोवर अंगावरच्या चादरीपुरता. इथल्या एका लहानशा रुग्णालयात फिजिशियन म्हणून रुजू झालो त्या दुपारी अधीक्षक म्हणाले, "खाणावळ लागेपर्यंत दोन दिवस आमच्या महानंदाबाईंकडे जेवा. आपल्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहेत. मागच्याच गल्लीत घर आहे. सगळे त्यांना अक्का म्हणतात." गेलो. दार उघडलं. ठेंगण्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाई. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, नाकात चमकी, चष्मा डोक्यावर चढवलेला. त्यांनी माझ्या मागे गल्लीभर नजर फिरवली, मग मला पायापासून केसांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मत्त?"

आता मत्त म्हणजे माजलेला, एवढं आम्हाला शाळेत शिकवलेलं. मत्त हत्ती वगैरे. मी चपापलोच. ओळख नाही, पाळख नाही, नाव विचारलं नाही, आणि ही बाई मला उंबऱ्यातच माजलेला ठरवते म्हणजे काय? मी ताठ मानेनं म्हणालो, "अहो बाई, मी फक्त जेवायला आलोय."

आतून त्यांचे यजमान सिद्रामअण्णा खो-खो हसत बाहेर आले. एस.टी.त कंडक्टर होते, त्यामुळे हसणंही मागच्या सीटपर्यंत पोचेल असं. "डॉक्टर, ती कानडीत इचारतीय. मत्त म्हंजे आनखी. आनखी कोन आलंय तुमच्यासंगं, असं म्हनतीय ती."

"कोणी नाही," मी म्हणालो. "एकटाच आहे."

"एकटंच?" अक्कांना ते काही पटलेलं दिसलं नाही. आत घेताना त्यांनी पुन्हा एकदा फाटकाबाहेर डोकावून घेतलं.

त्या सवयीचं कारण मला नंतर कळलं. अक्कांचं माहेर वळसंगचं. लहानपणी त्यांच्या घरी पाहुणे एस.टी.नं यायचे, थांब्यापासून चालत. सगळ्यात तरणाताठा माणूस आधी दारात पोचायचा. त्याच्या मागे बाया, त्यांच्या मागे पोरं, आणि सगळ्यात शेवटी गाठोडं घेतलेली एखादी म्हातारी. पहिल्या माणसाला बघून चहा टाकला की फजिती ठरलेली. एकदा अशाच एका म्हाताऱ्या आत्याबाईंना चहा पुरला नाही. त्या रुसल्या त्या पार मरेपर्यंत त्या घरचं पाणी प्यायल्या नाहीत. तेव्हापासून अक्कांच्या आईनं पोरींना शिस्त लावली, पाहुणा आला की आधी त्याच्या मागे बघायचं. "दारात एक दिसला म्हंजे गाडीतनं एकच उतरला असं हाय व्हय?" असं अक्का म्हणायच्या.

आणि हीच शिस्त त्यांनी मायक्रोस्कोपलाही लावली होती, हे मला फार उशिरा उमगलं. तोवर मी बराच मूर्खपणा करून घेतला होता.

अक्कांची प्रयोगशाळा म्हणजे पूर्वेच्या खिडकीची एक खोली. खुर्चीवर जुन्या सोलापुरी चादरीची घडी, चार पदरी, कारण त्याशिवाय त्यांचे डोळे मायक्रोस्कोपच्या नळीपर्यंत पोचायचे नाहीत. बघता बघता त्या काचेवरच्या पेशींशी बोलायच्या. "अगं बाई, तू कुटं चाललीस? हितं ये की." स्लाइड चांगली निघाली की मराठीत बोलायच्या आणि बिघडली की कानडीत. कानडी फार जोरात ऐकू यायला लागली की वॉर्डातल्या नर्सबाई ओळखायच्या, आज रिपोर्टला उशीर आहे. मान वर केली की डोळ्यांभोवती दोन गोल उमटलेले असायचे आणि कपाळावरच्या विभूतीतली थोडी नळीच्या रबराला लागलेली असायची. त्यांच्या मागून जो कोणी नळीला डोळे लावेल त्याच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. मी पहिल्या महिन्यात तसाच खाणावळीत गेलो तर मालकानं विचारलं, "आज कुठल्या मठात होतात?"

मी त्यांच्यावर खूष होतो आणि वैतागलेलाही होतो. खूष अशासाठी की त्यांच्या हातचा रिपोर्ट चुकत नसे. वैताग अशासाठी की तो संपत नसे. मी कावीळ सापडली म्हणून टाळी वाजवावी, तर या म्हणणार, "मत्त?" मी न्यूमोनिया म्हणावं, या "मत्त?" आमच्या कॉलेजात सरांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं की एका रोग्यात एकच रोग शोधा, सगळी लक्षणं एकाच खुंटीला टांगता आली पाहिजेत. मी ते मनावर घेतलं होतं. एकदा मी ते अक्कांना ऐकवलंही. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या सरांच्या घरी पाव्हनं फोन करून येत असतील."

मग श्रीनिवास आला.

तिशीचा, सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकराच्या घरचा. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि हात मागाच्या यंत्रावर बसलेला. इथल्या कारखान्यांत शिकून तो टांझानियात एका टॉवेलच्या कारखान्यात फिटर म्हणून गेला होता. मोठ्या तळ्याकाठच्या गावात दोन वर्षं काढून धाकट्या बहिणीच्या, लावण्याच्या लग्नासाठी परत आला होता. येऊन अकरा दिवस झाले होते आणि त्यातले शेवटचे चार तापात गेले होते. वडील नव्हते. लग्न पुढच्या पंधरवड्यातल्या रविवारी, आणि मांडवात बापाच्या जागी उभं राहायचं ते यानंच. अम्मा, म्हणजे त्याची आई, त्याच्या खाटेशी बसून आफ्रिकेच्या नावानं बोटं मोडत होती. "तिकडचं पाणी बाधलं हो डॉक्टरसाब! सोन्यासारखं पोरगं पाठवलं होतं मी."

थंडी वाजून ताप, आफ्रिकेहून आलेला माणूस. मलेरियाची तपासणी सांगितली. तासाभरात अक्कांनी बोलावून घेतलं. "अंगठ्या हायत बगा," म्हणाल्या. मी डोळे लावले. तांबड्या पेशींच्या आत नाजूक अंगठ्यांसारखे जंतू, काही पेशींत दोन-दोन. घातक जातीचा मलेरिया! मला असा आनंद झाला की काय सांगू. रोग्यासाठी वाईट बातमी होती हे कबूल, पण तासाभरात निदान म्हणजे गंमत आहे का? "झालं!" मी म्हणालो.

"मत्त?"

"मत्त काय मत्त, अक्का? मिळाला ना जंतू? तीन दिवस औषध, तीन दिवसांत ताप खाली."

"न्हाय म्हंजे, रक्ताचं कल्चरबी लावावं म्हनते मी."

"काही गरज नाही."

त्यांनी पदराशी चाळा केला. "लावलंय की," म्हणाल्या.

झालं असं होतं की रक्त घेतानाच त्यांनी एक बाटली जास्तीची भरून घेतली होती. त्या बाटलीत जंतूंचं खाद्य असतं. रक्तात काही असेल तर उबेत ठेवल्यावर दोन-तीन दिवसांत ते वाढतं आणि पाणी गढूळ होतं. अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी रक्त घेतलं तरच याचा खरा उपयोग, म्हणून बाईंनी मला विचारायच्या आधीच काम उरकलं होतं. माझं डोकं सणकलं. माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठ्या बाईंशी बोलावं तसं मी बोललो नाही. मी लिहून दिलेलं नसताना रक्त घ्यायचं नाही, डॉक्टर मी आहे, आणि ती बाटली आत्ताच्या आत्ता टाकून द्या, असं सगळं म्हणालो. दारात दोन नर्सबाई उभ्या होत्या, तरी म्हणालो.

अक्का एवढंच म्हणाल्या, "टाकते की."

औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी अंगठ्या कमी, तिसऱ्या दिवशी आणखी कमी, चौथ्या दिवशी सकाळच्या स्लाइडवर एकही नाही. आणि ताप एकशेचार. पोट फुगलेलं, जीभ पांढरी, माणूस गुंगीत. हाक मारली की डोळे उघडायचा आणि मागाचा पट्टा घसरलाय असं तेलुगूत काहीतरी बडबडायचा. मी हातपाय गाळले. हा मलेरियाच औषधाला दाद देत नसावा, पुण्याला हलवावं, असं माझं चाललं होतं. सगळं त्याच एका खुंटीला टांगत होतो मी. तिकडे अम्मा कोपऱ्यात लावण्याला सांगत होती, "नवऱ्याच्या घरी निरोप धाड. लग्न पुढं ढकला म्हणावं. माझं पोरगं राहिलं तर लग्न." लावण्या हातातला फोन घट्ट धरून नुसती उभी होती. मला ते बघवेना. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. तापानं जळणाऱ्या त्या माणसाचा जीव माझ्या हातून निसटत होता आणि का, ते मला कळत नव्हतं.

तेवढ्यात वॉर्डाच्या दारात अक्का. पांढरा कोट, डोक्यावर चष्मा, दोन्ही हात पाठीमागे.

"रागावनार न्हाय तर सांगते," त्या म्हणाल्या.

मी समजलो. "बाटली टाकली नव्हती ना तुम्ही?"

"टाकते म्हनले हुते. कवा ते न्हाय म्हनले." त्यांनी हात पुढे केला. बाटलीतलं पाणी गढूळ झालं होतं. "स्लाइड करून बगितली. काड्या हायत, आन काय पळत्यात! टायफॉईड हाय, डॉक्टर. पुरतं नाव उद्याला सांगते, पर औषध आत्ताच चालू करा. माजं ऐका."

ऐकलं. तिथल्या तिथं इंजेक्शन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी पुरतं नाव आलं, अक्का म्हणाल्या होत्या तेच. मलेरिया गेला होताच, त्याच्या मागे टायफॉईड उभा होता आणि मी दारातून मागे बघितलंच नव्हतं. त्या संध्याकाळी मी प्रयोगशाळेत जाऊन अक्कांची माफी मागितली. त्या स्लाइडवरून मान न काढता म्हणाल्या, "माफी ऱ्हाऊ द्या. ह्या स्लाइडवरची तेवढी माशी हाकला."

दोन दिवसांनी श्रीनिवास शुद्धीवर आला, भाताची पेज प्यायला, आणि अक्का त्याच्या खाटेवर ठाण मांडून बसल्या. कंडक्टरच्या बायकोला शोभेल अशी उलटतपासणी. "इमानातनं उतरल्यापासनं काय काय खाल्लंस ते सांग. एक बी सोडू नगंस."

श्रीनिवासचे डोळे चमकले. दोन वर्षं त्या तळ्याकाठी तो सोलापूरच्या आठवणीनं झुरला होता. "पहिल्या दिवशीच बर्फाचा गोळा. काला खट्टा. दोन."

"मत्त?"

"उसाचा रस. बर्फ घालून. पाणीपुरी. परत गोळा. मग रोजच गोळा, अक्का. तिकडे मिळत नाही ना."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, मी अक्कांकडे. टायफॉईड पोटात गेल्यापासून आठवड्या-दोन आठवड्यांत उठतो, आणि दिवसांचा हिशेब अगदी तंतोतंत बसत होता. मलेरिया टांझानियाचा होता, पण टायफॉईड अस्सल सोलापूरचा. अम्मा अजून आफ्रिकेच्या पाण्याला शिव्या घालत होती. तिला मी हे समजावून सांगितलं. अक्का म्हणाल्या, "अम्मा, आता आफ्रिकेची माफी मागा. निम्मं त्येंचं, निम्मं आपलंच. गावाची अब्रू गेली की!" गुंगीतून नुकताच उठलेला श्रीनिवास इतका हसला की सलाइनची सुई हलली आणि नर्सबाईंनी आम्हा दोघांना वॉर्डाबाहेर काढलं.

आणखी चार दिवसांत ताप पूर्ण उतरला. घरी सोडायचा दिवस बुधवार. नवऱ्याकडे निरोप गेलाच नव्हता, लावण्यानं धाडलाच नव्हता. मी घरी सोडायचे कागद लिहायला घेतले आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट घेऊन अक्का आल्या. कागद टेबलावर ठेवला आणि त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवून उभ्या राहिल्या. एका विशिष्ट जातीच्या पांढऱ्या पेशी, तापात दिसत नव्हत्या, त्या आता ताप गेल्यावर भराभरा वाढल्या होत्या.

"मत्त?" अक्का म्हणाल्या.

यावेळी मी कागद बाजूला सारला. शहाणा झालो होतो. "बोला, अक्का. काय तपासू?"

"सकाळचं शौच," त्या म्हणाल्या. "ह्या पेशी अशा वाढल्या म्हंजे पोटात कृमी असत्यात." श्रीनिवास लाजून चूर झाला. दोन रोग पचवलेला गडी, पण डबीचं नाव काढल्यावर पांघरूण डोक्यावरून घेतलं. अम्मानं ते ओढून काढलं.

दुपारी प्रयोगशाळेतून आरोळी आली. खरोखर आरोळी, आणि ती मराठीतही नव्हती आणि कानडीतही नव्हती. मी धावलो. अक्का चादरीच्या घडीवरून उठून उभ्या होत्या. "हे काय हाय ते सांगा मला! तीस वर्सं बसले हितं, असलं कवा बगितलं न्हाय!"

मी डोळे लावले. एक लांबट गोल अंडं, आणि त्याच्या कुशीला एक काटा. बाभळीचा असावा तसा टोकदार. अक्कांनी तोवर रजिस्टरच्या मागच्या पानावर पेन्सिलनं त्याचं चित्रही काढून ठेवलं होतं, काटा जरा जास्तच मोठा. मला ते कुठेतरी बघितल्यासारखं वाटत होतं. खोलीवर जाऊन परीक्षेच्या वेळचं जाडजूड पुस्तक आणलं, आम्ही दोघं ते टेबलावर पसरून पानं उलटत बसलो, आणि एका पानावर तेच चित्र सापडलं. कुशीला काटा! अक्कांनी टाळी वाजवली. मी पण वाजवली. दोन शहाणी माणसं कृमीच्या अंड्यासाठी टाळ्या पिटत होती आणि दारातून जाणारा लिफ्टवाला थांबून बघत होता.

तो कृमी गोड्या पाण्यातला. तिकडच्या तळ्यांत एक गोगलगाय असते, तिच्यातून तो पाण्यात उतरतो आणि पाण्यात शिरलेल्या माणसाच्या कातडीतून आत जातो. मी श्रीनिवासला विचारलं, "तळ्यात उतरायचास का रे?"

"रोज संध्याकाळी पोहायचो की, डॉक्टर. कारखान्यातून सुटलं की थेट पाण्यात. लहानपणापासूनची सवय."

अम्मानं कपाळावर हात मारला. "अय्यो देवुडा! तीन-तीन!"

"व्हय की," अक्का खुशीत म्हणाल्या. "एक इमानातनं आला, एक गोळ्याच्या गाडीवरनं, आन एक पवत. लगीन हाय म्हणल्यावर पाव्हनं येनारच की!"

औषध पुण्याहून मागवलं. एका दिवसात घ्यायच्या गोळ्या. घेतल्यावर श्रीनिवासला जरा चक्कर आली आणि मग काही झालं नाही. मी परत कागद लिहायला घेतले, पण सही करण्याआधी पेन हातात धरून अक्कांकडे बघितलं. त्यांनी श्रीनिवासला एकदा उभं केलं, वळायला लावलं, जीभ बघितली, डोळ्याची पापणी ओढून बघितली. हे त्यांचं कामच नव्हतं, पण बोलायची कोणाची टाप होती? मग मान डोलावली. "आता कुणी न्हाय. सोडा."

रविवारी मंगल कार्यालयात श्रीनिवास बापाच्या जागी उभा होता. नवा कोट दोन मापं मोठा होत होता, गालफडं बसली होती, पण उभा होता. लावण्याचा हात नवऱ्याच्या हातात देताना तो रडला, अम्मा रडली, आणि मला आश्चर्य वाटलं की मीही रडलो. अक्का रडल्या नाहीत. त्या दाराशी उभ्या राहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या मागे बघत होत्या.

जेवताना मी शेजारी बसलो. म्हणालो, "अक्का, एक कबूल करायचंय. पहिल्या दिवशी तुमच्या दारात तुम्ही मत्त म्हणालात तेव्हा मला वाटलं, तुम्ही मला माजलेला म्हणताय. आमच्या मराठीत मत्त म्हणजे माजलेला."

त्यांचा घास हातातच राहिला. "खरंच व्हय?"

"खरंच. आणि अक्का, तेच बरोबर होतं."

आधी त्या नुसत्या हलायला लागल्या. मग हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. पदर तोंडात कोंबला, डोळ्यांतून पाणी आलं, विभूती गालावर ओघळली. पंगतीतली चार माणसं वळून बघायला लागली. सिद्रामअण्णांना सगळं परत सांगायला लागलं, आणि मग ते मागच्या सीटपर्यंत हसले. त्यानंतर मी प्रयोगशाळेत शिरलो की अक्का चष्मा वर करून विचारायच्या, "काय डॉक्टर, आज मत्त का साधे?"

पुढे त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांना बोलायचा आग्रह झाला, तर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय सांगू? मशीन आलंय नवं, लई हुशार हाय. समदं सांगतंय. पर ते इचारत न्हाय." आणि बसल्या. चादरीची घडी त्यांनी खुर्चीवरच ठेवली. मी मात्र वॉर्डात फेरी मारताना निदान झालं की आता आपोआप "मत्त?" म्हणतो. परवा कोकणातून आलेला एक नवा डॉक्टर त्यावर लालबुंद झाला. मी त्याला समजावलं नाही. कळेल तेव्हा कळेल.

अक्का आणि अण्णा वळसंगला जाऊन राहिले. मी जमेल तेव्हा जातो. दार उघडतं, नजर माझ्या मागे जाते, "मत्त?" येतं, आणि मी दर वेळी सांगतो, "कोणी नाही अक्का, एकटाच."

गेल्या महिन्यात श्रीनिवास रजेवर आला होता. आता तळ्यात पोहत नाही म्हणाला, आणि गोळा घरच्या बर्फाचा खातो. अक्कांना भेटायचंच म्हणाला. अम्मा निघाली, माहेरी आलेली लावण्या निघाली, आणि मी सगळ्यांना गाडीत घालून वळसंगची वाट धरली. वाटेत लावण्या गप्प होती. खिडकीची काच खाली, हातात लिंबू, मधूनमधून ते नाकाशी धरत होती. मी आरशातून बघून म्हणालो, "गाडी लागते वाटतं तुला? गोळी देऊ का?" ती म्हणाली, "नको डॉक्टर, होईल कमी." मी पुढे श्रीनिवासशी टांझानियाच्या टॉवेलांबद्दल बोलत राहिलो.

दार उघडलं. अक्कांचे केस पुरते पांढरे झालेत आणि चष्म्याची भिंगं जाड झालीत, पण मान तशीच माझ्या खांद्यावरून पुढे आली. "बर्री, बर्री! या की! मत्त?"

केवढ्या ऐटीत मी बाजूला झालो! "आज एकटा नाही, अक्का. चौघं आहोत."

काय तो गलका उडाला. अक्कांनी श्रीनिवासची पापणी ओढून बघितली, अम्मानं अक्कांचे पाय धरले, अण्णांनी आम्हाला तिकिटं फाडल्यासारखं एकेकाला हाताला धरून चटईवर बसवलं. चहा उकळायला लागला, त्यात आलं पडलं, वास घरभर झाला. लावण्या हळूच म्हणाली, "अक्का, मला नको चहा," आणि ओसरीकडे सरकून बसली.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या हातातल्या लिंबाकडे बघितलं. मग माझ्याकडे वळल्या.

"डॉक्टर, किती जन आलाय म्हनालात?"

"चार."

"मत्त?"

मी खरंच दाराबाहेर बघितलं. गाडी रिकामी उभी होती. "मत्त कोणी नाही, अक्का. चारच."

अक्का लावण्याकडे बघून हसत राहिल्या. लावण्याची मान खाली गेली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अम्मा एकदा अक्कांकडे, एकदा लेकीकडे बघत होती, आणि मग तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

"तिसरा लागलाय, अम्मा," लावण्या पुटपुटली. "आज घरी गेल्यावर सांगणार होते."

श्रीनिवास ओरडला, अम्मा रडायला लागली, अण्णा हसायला लागले. मी, एम.डी., तासभर त्या पोरीला माझ्याच गाडीतून आणलेला, मान खाली घालून चटईचे धागे मोजत बसलो. गाडी लागते म्हणे!

"पाच म्हनायचं, डॉक्टर," अक्का आतून म्हणाल्या. "मोजायला कवा शिकनार तुमी?"

मग त्या ताट घेऊन बाहेर आल्या. चार कप चहाचे, अण्णांचा धरून, आमच्यासमोर ठेवले, आणि पाचवा, दुधाचा, लावण्यासमोर.